कुमार कादंबरीकरण (चित्रपटाचे)

चित्रपटाची, विशेषतः साहसपटाची, कथा साधारण 8 ते 12 वर्षांच्या वाचकांसाठी पुस्तकरूपात लिहिणे. मोठ्यांसाठीचे आणि कुमारांसाठीचे अशी दोन पुस्तके एकाच चित्रपटावरून निघण्याची पद्धत आहे.

पुस्तक चित्रपटाबरोबर दुकानात यायला हवे असल्याने लेखकाच्या हाती बहुधा फक्त पटकथा असते, तीही अंतिम नव्हे. ‘किंग काँग’ची कादंबरी 1932 मध्ये, चित्रपटाच्या आधी निघाली. ‘स्टार वॉर्स’ (1977) ची 1976 मध्येच आली. मुखपृष्ठावर नाव जॉर्ज लुकास यांचे असले, तरी लेखन ॲलन डीन फॉस्टर यांचे होते. पडद्यावर लढाईत ‘रेड फाइव्ह’ हे सांकेतिक नाव लावणारा नायक या पुस्तकात ‘ब्लू फाइव्ह’ आहे. चित्रपट पुढे बदलला, छापलेले पान तसेच राहिले.

खरी कसोटी हाणामारीची. पटकथेत ‘घोडेस्वार दरीच्या काठाने पाठलाग करतात’ एवढीच ओळ असते. पडद्यावर तिच्या मदतीला टापांचा आवाज, घसरणारे दगड, पार्श्वसंगीत येते. कागदावर यातले काहीच आयते मिळत नाही. उड्या आणि ठोसे ओळीने सांगत गेले, की दुसऱ्या पानावर मूल जांभई देते. म्हणून जाणता लेखक एकाच पात्राच्या मनात शिरतो: ओला लगाम हातातून निसटतो आहे, आणि पुढचा पूल तुटलाय हे त्याला माहीत आहे, मागून येणाऱ्या बहिणीला नाही. विल्यम कोट्झविंकल यांनी ‘ई.टी.’च्या 1982 मधील कादंबरीत परग्रहवासीयाचे विचार लिहिले, ते कॅमेऱ्याला जमण्यासारखे नव्हते.

रक्तपात सौम्य करतात, उपकथानके गाळतात. भाषाही सोपी करतात, आणि इथेच गफलत होते. संवादांना ‘तो ओरडला’, ‘ती म्हणाली’ जोडून पाने भरलेली पुस्तके कमी नाहीत. चित्रपट न पाहिलेल्या मुलाला त्यांतून काही उमगत नाही.

घरोघरी व्हिडिओ येण्यापूर्वी चित्रपट मनात पुन्हा पाहायचा, तर असे पुस्तकच हाताशी असे. पुष्कळ आवृत्त्यांत मधोमध रंगीत छायाचित्रांची पाने असतात. त्यांत कधी एखादा प्रसंग असा सापडतो, की जो संकलनात कापला गेला आणि पडद्यावर कोणी पाहिलेलाच नाही.