‘बर्डमॅन’ एका टेकमध्ये घेतलेला नाही

‘बर्डमॅन’ (२०१४) बघून आलेला माणूस हमखास सांगतो, ‘अख्खा सिनेमा एका टेकमध्ये घेतलाय!’ तसं नाही. खरोखर एका टेकमध्ये घेतलेला सिनेमा बघायचा असेल, तर पुढच्याच वर्षी आलेला ‘व्हिक्टोरिया’ बघा. बर्लिनमध्ये पहाटे कॅमेरा सुरू झाला आणि सुमारे १३८ मिनिटांनी थांबला. मधे एकही कट नाही. दिग्दर्शक सेबास्टियन शिपरने तीनदा प्रयत्न केला, त्यातला तिसरा आपण बघतो. पटकथा जेमतेम बारा पानांची, संवाद बहुतेक नटांनी जागच्या जागी रचलेले.

‘बर्डमॅन’चं सगळं उलटं. दिग्दर्शक आलेहान्द्रो इन्यारितू आणि छायाचित्रकार इमॅन्युएल लुबेस्की यांनी बरेच लांबलांब टेक घेतले आणि ते असे जोडले की शिवण दिसू नये. कॅमेरा गर्रकन वळतो, अंधाऱ्या बोळातून जातो, दारातून आत शिरतो. सांधे बहुतेक अशाच जागी लपलेत. युक्ती जुनीच. हिचकॉकने ‘रोप’मध्ये (१९४८) पात्राच्या कोटाच्या पाठीवर कॅमेरा नेऊन कट झाकले होते. त्याचा नाइलाज होता, कारण फिल्मचं रीळ दहाएक मिनिटांत संपायचं. इन्यारितूकडे डिजिटल कॅमेरा होता. तरी त्याने कट का घेतले?

कारण त्याची गोष्टच काही दिवसांची आहे. रिगन थॉमसन हा एकेकाळी पडद्यावर सुपरहिरो म्हणून गाजलेला नट. लोक त्याला विसरत चाललेत, म्हणून तो ब्रॉडवेवर अमेरिकन लेखक रेमंड कार्व्हरच्या कथेवरचं नाटक उभं करतोय. (रिगन झालेला मायकेल कीटन स्वतः १९८९ आणि १९९२ मध्ये बॅटमॅन होता. ही निवड किती खट्याळ, ते वेगळं सांगायला नको.) कॅमेरा रात्री एखाद्या इमारतीकडे बघत थांबतो आणि बघता बघता उजाडतं. कधी बोळाच्या या टोकाला एक प्रसंग संपतो आणि त्या टोकाला पुढच्या दिवसाचा प्रयोग रंगात आलेला असतो. दिवस बदलतात, पण रिगनला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. खरा फरक मला इथे वाटतो. ‘व्हिक्टोरिया’त घड्याळ पडद्यावर जेवढं पुढे सरकतं तेवढंच तुमच्या मनगटावर सरकतं. क्लबमध्ये भेटलेल्या पोरांबरोबर व्हिक्टोरिया नावाची मुलगी बँक लुटायला जाते आणि आपल्यादेखत खरीखुरी पहाट होते. ‘बर्डमॅन’ घड्याळच पळवून नेतो.

अर्थात हा नियम नव्हे. रशियन दिग्दर्शक सोकुरोव्हचा ‘रशियन आर्क’ (२००२) सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात खरोखर एका टेकमध्ये घेतलाय आणि तरी दालनामागून दालन ओलांडत सुमारे तीन शतकं फिरवून आणतो. म्हणजे एकच टेक म्हणजे एकच काळ, असंही नाही.

आणि शिवलेलं म्हणून ‘बर्डमॅन’ सोपा होता, हेही खरं नाही. दहा मिनिटांच्या प्रसंगात नवव्या मिनिटाला कुणी अडखळलं, की सगळ्यांनी पहिल्यापासून. एरवी नटाची चूक संकलक झाकतो, एक ओळ या टेकमधून तर दुसरी त्या टेकमधून उचलतो. इथे ती सोय नव्हती, त्यामुळे एडवर्ड नॉर्टन, एमा स्टोन आणि कीटन यांना पावलं मोजून तालमी कराव्या लागल्या. म्हणजे नाटकच की! प्रसंगाची लय एरवी कात्रीने ठरते, इथे ती आधीच ठरवावी लागली. वर आंतोनिओ सांचेझचे नुसते ड्रम्स त्या लयीला धक्के देत राहतात.

एक प्रसंग मात्र खऱ्या एका टेकमधल्या धास्तीच्या फार जवळ जातो. प्रयोगाच्या मधेच रिगन मागच्या दाराबाहेर अडकतो, त्याचा गाऊन दारात सापडतो आणि तो नुसत्या चड्डीवर टाइम्स स्क्वेअरच्या गर्दीतून पुढच्या दाराकडे चालत सुटतो. लोक फोन काढून शूटिंग करतात. आपण त्याच्या मागोमाग. कट नाही म्हणजे सुटका नाही, हे तिथे अंगावर येतं.

‘बर्डमॅन’ला ऑस्करची नऊ नामांकनं आणि चार पुरस्कार मिळाले: चित्रपट, दिग्दर्शन, मूळ पटकथा, छायाचित्रण. डग्लस क्राइस आणि स्टीफन मिरिओन यांच्या संकलनाला साधं नामांकनही नव्हतं.