टेनपिन बोलिंग : परिभाषा व गुणगणना

टेनपिन बोलिंग म्हणजे गुळगुळीत पट्टीवरून जड चेंडू घरंगळत सोडून पलीकडे त्रिकोणात उभ्या केलेल्या दहा पिना पाडण्याचा खेळ. क्रिकेटच्या गोलंदाजीशी त्याचे नाते नावापुरतेच. आपल्याकडे तो बहुधा मॉलमध्येच भेटतो, आणि तिथे नवख्याला चेंडूपेक्षा डोक्यावरचा पडदा जास्त बुचकळ्यात टाकतो. एका फेकीत दहाही पिना आडव्या होतात, टाळ्या पडतात, आणि गुणांचा रकाना कोराच! यंत्र बिघडलेले नसते. त्या रकान्याचा हिशेब पुरा व्हायचा असतो.

पट्टीला ‘लेन’ म्हणतात. फाउल रेषेपासून (चेंडू हिच्या अलीकडूनच सोडायचा) पहिल्या पिनेपर्यंतचे अंतर ६० फूट (१८.२९ मी.) असते. पिनेची उंची १५ इंच, तर चेंडूचे वजन जास्तीत जास्त १६ पौंड (सुमारे ७.२६ किग्रॅ.). लेनवर तेलाचा पातळ थर दिलेला असतो. नजरेला तो जाणवत नाही, पण चेंडू कुठे घसरत जाईल आणि कुठे वळेल हे बरेचसे तोच ठरवतो. खेळाचे नियम एकसारखे करण्याचे मोठे काम १८९५ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या अमेरिकन बोलिंग काँग्रेसने केले.

एका डावात दहा फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेममध्ये दोन फेकी मिळतात. पहिल्याच फेकीत सगळ्या पिना पडल्या तर तो स्ट्राइक (खूण ×). उरलेल्या दुसऱ्या फेकीत पाडल्या तर स्पेअर (खूण /). दोन्ही फेकींनंतरही एखादी पिन उभीच राहिली तर ती ओपन फ्रेम, तिचे गुण पडल्या पिनांइतकेच. स्पेअरला १० अधिक पुढच्या एका फेकीतल्या पिना, आणि स्ट्राइकला १० अधिक पुढच्या दोन फेकींतल्या पिना. रकाना कोरा राहतो तो या उधारीमुळे.

समजा, पहिल्या फ्रेमला स्ट्राइक, दुसरीला ७ आणि ३, तिसरीला ९ आणि शून्य. पहिल्या फ्रेमचे झाले १० + ७ + ३ = २०. दुसरीचे १० + ९ = १९, म्हणजे एकूण ३९. तिसरीचे ९ धरून ४८. प्रत्यक्षात पडलेल्या पिना मात्र २९.

या पद्धतीत सातत्याला भाव आहे. सहा फ्रेममध्ये तीन स्ट्राइक आणि तीन वेळा ‘९ व शून्य’ असा खेळ झाला, तर एकाआड एक आले असता ८४ गुण होतात. तेच तीन स्ट्राइक आधी लागोपाठ पडले तर १०५! पिना दोन्हीकडे ५७च. लागोपाठ तीन स्ट्राइकना ‘टर्की’ म्हणतात. पूर्वी अमेरिकेत या पराक्रमाला टर्की पक्षी बक्षीस देत, त्यावरून हे नाव पडल्याचे सांगतात.

दहाव्या फ्रेमपुढे फ्रेमच नसते, म्हणून तिथे स्ट्राइकनंतर दोन आणि स्पेअरनंतर एक जादा फेक देतात. त्यामुळे सर्वोच्च गुण ३०० होतात, ते लागोपाठ बारा स्ट्राइकनी. बाराव्या फेकीला एक पिन उभी राहिली की हाती २९९.

चेंडू कडेच्या पन्हळीत गेला तर ‘गटर बॉल’. तिथून उसळून त्याने पिना पाडल्या तरी त्या धरत नाहीत. पाय फाउल रेषेपलीकडे गेल्यास त्या फेकीच्या पिना रद्द होतात, फेक मात्र मोजली जाते. पहिली (सर्वांत पुढची) व तिसरी (तिच्या मागे उजवीकडची) पिन यांमधली फट हा उजव्या हाताने खेळणाऱ्याचा ‘पॉकेट’; स्ट्राइकची शक्यता तिथे सर्वाधिक. अग्रभागाची पिन पडून उरलेल्यांत फट पडली तर ‘स्प्लिट’. त्यांतला ७-१० म्हणजे मागच्या ओळीची दोन टोके, सर्वांत धास्तीचा. टीव्हीवरील व्यावसायिक स्पर्धेत तो प्रथम साधला, म्हणजे त्या दोन्ही पिना एका फेकीत पाडल्या, अमेरिकन खेळाडू मार्क रॉथ यांनी, १९८० मध्ये.

काही आंतरराष्ट्रीय स्पर्धांत अलीकडे सोपी पद्धत वापरतात: स्ट्राइकला तिथल्या तिथे ३०, आणि स्पेअरला १० अधिक त्याच फ्रेमच्या पहिल्या फेकीतल्या पिना. रकाना लगेच भरतो, दहा स्ट्राइकमध्ये ३०० होतात. त्यात मात्र स्ट्राइक लागोपाठ पडले काय नि विखुरले काय, गुण सारखेच.