शेअर बाजाराची तेजी-मंदी आणि घरांचा बाजार

शेअर बाजार पडला की घरं स्वस्त होतात का, आणि सेन्सेक्स चढला की फ्लॅटचे रेट वाढतात का, हा प्रश्न मुंबई, ठाणे, पुण्यात घर शोधणारा जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी विचारतोच. तर दोन्ही बाजारांचा संबंध आहे, चांगला घट्ट आहे, पण आज सेन्सेक्स हजार पॉइंट पडला म्हणून उद्या फ्लॅट दोन टक्के स्वस्त, असा तो नाही. शेअरचा भाव सेकंदासेकंदाला बदलतो आणि सगळ्यांना स्क्रीनवर दिसतो. फ्लॅटचा खरा भाव मात्र सौदा झाला, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालं तरच कळतो. त्यामुळे शेअर बाजारातली घसरण घरांच्या बाजारात आधी भावात दिसत नाही, ती सौद्यांत दिसते. बिल्डर रेट उतरवत नाही, रीसेलवाला पण आपल्या आकड्याला धरून बसतो, फक्त साइट व्हिजिटला येणारी माणसं कमी होतात, टोकन दिलेले लोक एजंटचा फोन उचलेनासे होतात, रजिस्ट्रेशन ऑफिसातली गर्दी ओसरते. भाव हलायला त्यानंतर वर्ष-दीड वर्ष लागतं, कधी त्याहूनही जास्त, आणि तोपर्यंत बऱ्याचदा शेअर बाजार परत वर आलेला असतो.

मुंबईत तर हे दोन बाजार एकदा अक्षरशः एकच झाले होते, आणि ती हकीकत कळली की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, मग मुंबईतून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि गावात पैशाचा पूर आला. तो पैसा जिरवायला बँका निघाल्या, फायनान्स कंपन्या निघाल्या आणि समुद्रात भराव टाकून जमीन तयार करणाऱ्या कंपन्या निघाल्या: बॅक बे रेक्लमेशन, एल्फिन्स्टन लँड, माझगाव लँड, कुलाबा लँड. बॅक बे कंपनीचा पाच हजार रुपयांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला, आणि ज्या जमिनीसाठी हा भाव होता ती तर अजून पाण्याखाली होती! कापूस आणि शेअरचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद या सगळ्याच्या मध्यभागी होते. बँक ऑफ बॉम्बे या शेअरच्या तारणावर कर्जं देत होती, त्या कर्जातून परत तेच शेअर घेतले जात होते. १८६५ ला युद्ध संपलं, कापूस पडला, शेअर कोसळले, बँक ऑफ बॉम्बे पुढे १८६८ ला गुंडाळावी लागली आणि अनेक मोठमोठी घराणी रस्त्यावर आली. बॅक बे कंपनी पण बुडाली, तिच्या किनाऱ्यावरच्या पट्ट्यातून पुढे रेल्वे गेली. आज चर्चगेटवरून लोकलने मरीन लाइन्स, चर्नी रोड असं जाताना आपण त्याच बाजूने जातो. झाडाखाली सौदे करणाऱ्या शेअर दलालांची रीतसर असोसिएशन झाली ती या पडझडीनंतर, १८७५ ला, तेच आजचं बीएसई, म्हणजे मुंबई शेअर बाजार.

यात नीट बघितलं तर साखळी अशी दिसते की शेअरवर बँकेने कर्ज दिलं, कर्जाचा पैसा जमिनीत गेला आणि एक कडी तुटल्यावर तिन्ही खाली आले. दीडशे वर्षांत नावं बदलली, कायदे आले, पण दोन्ही बाजारांना जोडणारा दोर अजून तोच आहे, उधारीचा पैसा.

आता भारतात हा परिणाम किती जणांपर्यंत पोचतो हे बघायला पाहिजे, कारण पुस्तकात सांगतात की शेअर वाढले की लोकांना श्रीमंत वाटतं आणि ते घर घेतात, पण त्यासाठी आधी लोकांकडे शेअर असायला हवेत ना. रिझर्व्ह बँकेच्या समितीने २०१७ ला कुटुंबांच्या मालमत्तेचा जो अहवाल दिला त्यात सरासरी भारतीय कुटुंबाची ७७ टक्के संपत्ती घर-जमिनीत, ११ टक्के सोन्यात आणि जेमतेम ५ टक्के बँक ठेवी, शेअर, विमा वगैरे सगळं मिळून होती. म्हणजे आपल्याकडे बहुतेकांसाठी सेन्सेक्स पडणं ही टीव्हीवरची बातमी होती. गेल्या काही वर्षांत हे झपाट्याने बदललं, मार्च २०२० ला चार कोटींच्या आसपास असलेली डिमॅट खाती (शेअर ठेवायची खाती) मार्च २०२४ पर्यंत पंधरा कोटींवर गेली, एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम घालणं, घराघरात पोचली, आणि माझ्या मते इथून पुढे शेअरची घसरण घरांच्या बाजाराला आधीपेक्षा जास्त जाणवणार.

जुने दाखले बघितले तर प्रत्येक वेळी वेगळंच झालेलं दिसतं. १९९२ च्या एप्रिलमध्ये सेन्सेक्स ४,४०० च्या वर होता, हर्षद मेहता प्रकरण बाहेर आलं आणि वर्षभरात तो ४० टक्क्यांहून जास्त खाली आला, पण मुंबईतली घरं त्या वेळी पडली नाहीत, उलट पुढे १९९४-९५ पर्यंत चढत गेली, इतकी की नरिमन पॉइंटच्या ऑफिसांची गणती जगातल्या सगळ्यात महाग जागांमध्ये व्हायला लागली. मग तिथून भाव पडले ते नवीन शतक उजाडेपर्यंत सावरले नाहीत. मधल्या काळात २००० च्या फेब्रुवारीत आयटी शेअरच्या जोरावर सेन्सेक्स ६,००० ला जाऊन आला तरी मुंबईच्या जागांना फारशी हालचाल नव्हती. तेजी आली ती होम लोन स्वस्त झाल्यावर आणि आयटीचे पगार वाढल्यावर.

२००८ ची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. २००५ ला बांधकाम क्षेत्रात परदेशी गुंतवणुकीचे नियम सैल झाले, बिल्डर लोकांनी जमिनी घ्यायचा सपाटा लावला आणि मग ते शेअर बाजारात आले. डीएलएफ या बड्या बिल्डर कंपनीचा आयपीओ, म्हणजे लोकांना पहिली शेअर विक्री, २००७ च्या मध्यात ५२५ रुपयांना आला, ९,००० कोटींहून जास्त गोळा झाले, जानेवारी २००८ मध्ये तो शेअर १,२०० च्या वर होता. लोक तेव्हा कंपनीकडे किती एकर जमीन आहे हे मोजून शेअर घेत होते, ‘लँड बँक’ हा शब्द तेव्हाच सगळ्यांच्या तोंडी बसला, आणि बॅक बेची आठवण यावी असंच ते होतं. पुढच्या चौदा महिन्यांत सेन्सेक्स साधारण ६० टक्के पडला, पण बिल्डर कंपन्यांच्या शेअरचा रिअल्टी इंडेक्स पडला ९० टक्क्यांच्या आसपास, डीएलएफ दोनशेच्या खाली गेला. बिल्डरांच्या शेअरवर हा असा घाव आणि प्रत्यक्षात दादर किंवा कोथरूडमधला फ्लॅट मात्र ९० टक्के सोडा, अर्ध्या किमतीलाही कुणी दिला नाही.

असं का झालं? बिल्डरला अडचण होती ती कॅशची, भाव पाडला तर आधी बुकिंग केलेले लोक भांडायला येतात आणि बँकेकडे तारण ठेवलेल्या प्रोजेक्टची किंमत पण उतरते, म्हणून तो पार्किंग फुकट देतो, मॉड्युलर किचन देतो, स्टॅम्प ड्युटी आम्ही भरू म्हणतो, पण कार्ड रेट, म्हणजे जाहीर केलेला भाव, सोडत नाही. तेवढ्यात रिझर्व्ह बँकेने रेपो रेट, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, ऑक्टोबर २००८ मधल्या ९ टक्क्यांवरून एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ वर आणला, स्टेट बँकेने पहिल्या वर्षाला ८ टक्क्यांचं होम लोन काढलं, आणि १८ मे २००९ ला निवडणुकीच्या निकालानंतर शेअर बाजाराला थेट अप्पर सर्किट लागलं, म्हणजे भाव इतके चढले की व्यवहार थांबवावे लागले. मोठ्या बिल्डर कंपन्यांनी लगेच नवीन शेअर विकून पैसा उभा केला आणि पडेल त्या भावाला फ्लॅट काढायची वेळ टळली. म्हणजे ज्या शेअर बाजाराने त्यांना बुडवायला आणलं त्यानेच वाचवलं, आणि भाव उतरायची वाट बघत बसलेल्या भाडेकरूच्या हातात काहीच आलं नाही. हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

बाजार वाचवतो तसा बुडवतोही. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या बड्या कंपनीने हप्ते चुकवले, त्यानंतर २१ तारखेला डीएचएफएल या होम लोन देणाऱ्या कंपनीचा शेअर एका दिवसात ४० टक्क्यांहून जास्त पडला, एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या कंपन्यांना पैसा मिळेना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या बिल्डरांची कामं अर्धवट थांबली. ज्यांनी घर बुक केलं होतं त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी आयुष्यात एक शेअर घेतला नसेल, तरी ईएमआय आणि घरभाडं दोन्ही भरत बसायची पाळी त्यांच्यावर आली.

बाहेरच्या देशात जपानचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. तिथल्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर होता, बँक ऑफ जपानने व्याजदर वाढवत नेले, शेअर १९९० मध्येच कोसळले, पण जमिनीचे भाव १९९१ पर्यंत चढेच राहिले आणि मग वर्षानुवर्षं घसरत राहिले. निक्केईला तो जुना आकडा परत गाठायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. अमेरिकेत २००० नंतर बरोबर उलटं झालं, टेक कंपन्यांचा नॅस्डॅक निर्देशांक कोसळला, व्याजदर जून २००३ पर्यंत १ टक्क्यावर आणले गेले आणि त्या स्वस्त कर्जावर घरं २००६ पर्यंत वाढत राहिली. तेव्हा शेअर पडल्यावर घरांचं काय होणार हे बघायचं असेल तर आधी व्याजदर कुठे चाललाय ते बघावं.

२०२० मध्ये हेच आपल्याकडे दिसलं. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ पॉइंट पडून २५,९८१ वर बंद झाला, जानेवारीतल्या उंचीपासून ३८ टक्के खाली. सगळ्यांना वाटलं आता घरं कोसळणार. पण रेपो ४ टक्क्यांवर आला, होम लोन ७ टक्क्यांच्या खाली मिळायला लागलं, राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर स्टॅम्प ड्युटीत तीन टक्क्यांची सूट दिली, मुंबईत ती ५ वरून २ झाली, आणि डिसेंबर २०२० मध्ये एकट्या मुंबईत १९ हजारांवर रजिस्ट्रेशन झाली.

यात सापडतो तो डाउन पेमेंट म्युच्युअल फंडात ठेवून बसलेला माणूस. आजच्या दराने हिशोब करून बघू. पुण्यात ८० लाखांचा अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅट घेतला तर बँक ८० टक्के, म्हणजे ६४ लाख देते. उरलेले १६ लाख, ७ टक्के स्टॅम्प ड्युटीचे ५ लाख ६० हजार, जीएसटीचे ४ लाख आणि रजिस्ट्रेशनचे ३० हजार, असे २५ लाख ९० हजार आपल्या खिशातून जातात. हेच पैसे इक्विटी फंडात असताना मार्च २०२० सारखी घसरण आली तर उरतात १६ लाखांच्या आसपास. बिल्डरचं डिमांड लेटर मात्र निफ्टी बघून येत नाही, स्लॅब ओतून झाला की येतं, उशीर केला तर व्याज लागतं, आणि मग माणूस तळाला युनिट विकतो. तेच फंड वर्षभरात परत वर आले हे बघत बसणं फार जिवाला लागतं. पुण्या-बंगळुरूत अमेरिकन कंपन्यांत काम करणाऱ्यांचं पण हेच, पगाराबरोबर मिळणाऱ्या शेअरवर घराचं गणित मांडलेलं असतं आणि २०२२ सारखं नॅस्डॅक एका वर्षात ३३ टक्के पडलं की हिंजवडीजवळचा थ्री बीएचके टू बीएचके होतो.

तेजीत शेअरमधून घराकडे पैसा वळण्यामागे टॅक्सचाही हात आहे. आयकर कायद्यातली एक तरतूद (१९६१ च्या कायद्यात कलम ५४एफ) असं सांगते की शेअर विकून झालेल्या लाँग टर्म नफ्यावरचा टॅक्स राहत्या घरात पैसे घातले तर वाचतो, विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घर घ्यायचं, बांधायचं असेल तर तीन वर्षं. बरेच जण इथे चुकतात, कारण पूर्ण सूट हवी असेल तर नुसता नफा नाही, विक्रीची अख्खी रक्कम घरात घालावी लागते. एप्रिल २०२३ पासून या सवलतीला १० कोटींची मर्यादा आली, आणि त्याआधी वरळीसारख्या भागात मोठ्या फ्लॅटचे सौदे घाईघाईने उरकले गेले.

दोन्ही बाजारांच्या मधली वस्तू म्हणजे रीट, अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारती घेणारा ट्रस्ट. एप्रिल २०१९ मध्ये एम्बसी ऑफिस पार्क्स हा देशातला पहिला रीट ३०० रुपयांना युनिट विकून लिस्ट झाला, नंतर माइंडस्पेस, ब्रुकफील्ड, नेक्सस आले. मालमत्ता आहे ऑफिसं आणि मॉल, वाटता येण्यासारख्या कॅशपैकी ९० टक्के युनिटवाल्यांना वाटावी लागते, पण युनिट ट्रेड होतं शेअरसारखं, त्यामुळे बाजार घाबरला की त्याच इमारतीत तेच भाडेकरू तेच भाडं भरत असताना सुद्धा युनिटचा भाव उतरतो.