आजारपण हितलाभ (नागपूर)

आजारपणामुळे काम थांबलेल्या कामगाराला पगार किंवा पगारी रजा मिळत नसलेल्या दिवसांसाठी सामाजिक विम्यातून वा सरकारी अनुदानातून मिळणारी रोख रक्कम. नागपुरात तिचा मुख्य मार्ग राज्य कामगार विमा योजना हा आहे. कामगारवस्त्यांत तिला ‘ईएसआय’ म्हणतात. या विम्याबाहेर असलेल्यांना भविष्य निर्वाह निधी, बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ किंवा संजय गांधी निराधार अनुदान योजना यांच्याकडे वळावे लागते. प्रत्येकाची कचेरी वेगळी आणि अटीही वेगळ्या. एका ठिकाणचा अर्ज दुसरीकडे आपोआप जात नाही.

पगारी रजा मुळातच थोडी असते. कारखान्यात साधारण वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा साठते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ नैमित्तिक रजा दिल्या आहेत, पण आजारपणाची अशी वेगळी रजा त्यात नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला वीस दिवस अर्धवेतनी रजा मिळते आणि ती वैद्यकीय दाखल्यावर भरपगारी रजेत परिवर्तित करता येते. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराच्या वाट्याला प्रत्यक्षात असे फारसे काही येत नाही. त्याच्या आजारपणात पगार चालू राहणे हे बहुतेक वेळा मालकाच्या मर्जीवरच असते.

राज्य कामगार विमा कायदा १९४८ चा. योजना प्रत्यक्ष सुरू झाली ती २४ फेब्रुवारी १९५२ रोजी, कानपूर आणि दिल्लीत. नागपूरला ती १९५४ मध्ये आली. त्या वेळी शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते, आणि १८७७ पासून चालणारी एम्प्रेस मिल व मॉडेल मिल यांच्यामुळे कापडगिरण्यांचे गाव म्हणून ओळखले जाई. पुढे गिरण्या बंद पडल्या, कामगार हिंगणा, कळमेश्वर, बुटीबोरीकडे सरकले; पण योजनेची मुख्य ठिकाणे जुन्या नागपुरातच राहिली. योजना चालवणाऱ्या महामंडळाचे कार्यालय, पंचदीप भवन, गणेशपेठेत आहे आणि विमा रुग्णालय सोमवारी पेठेत. आजारी माणसाला बुटीबोरीहून इथवर येणे किती सोपे आहे, याचा विचार ही रचना करताना कोणी केला असेल असे वाटत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारा कामगार या योजनेत येतो. दिव्यांगांसाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे. १ जुलै २०१९ पासून वेतनाच्या ०.७५ टक्के कामगार भरतो आणि ३.२५ टक्के मालक; हेच विम्याचे अंशदान. आजारपणात सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. रोजची सरासरी ५०० रुपये असेल, तर दिवसाला ३५० आणि ९१ दिवसांचे ३१,८५० रुपये. आजाराचे पहिले दोन दिवस कोरडे जातात. मात्र आधीचे आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत माणूस पुन्हा पडला, तर हे दोन दिवस कापले जात नाहीत.

हक्क ठरतो तो मागच्या हिशेबावर. वर्षाचे दोन अंशदान काळ आहेत: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पहिल्या काळात किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असेल, तर पुढच्या जानेवारी ते जून या काळात हितलाभ मिळतो. दुसऱ्यातले अंशदान जुलै ते डिसेंबरसाठी धरले जाते. त्यामुळे मे महिन्यात आजारी पडलेल्याचा हक्क आदल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात त्याने किती दिवस काम केले यावर अवलंबून असतो. ठेकेदार बदलताना नाव मध्येच गळले, तर ते त्याला बहुधा इथेच कळते. नव्याने विम्यात आलेल्याला पहिला हितलाभ काळ सुरू व्हायला नऊ महिने थांबावे लागते. कामावर झालेल्या अपघाताला मात्र अंशदानाच्या दिवसांची अट नाही आणि त्यातल्या तात्पुरत्या अपंगत्वात ९० टक्के मिळतात.

रजेबद्दल एक गैरसमज बराच पसरलेला आहे. आधी सगळी रजा संपवायची आणि मग ईएसआयच्या दवाखान्यात जायचे, असे अनेक जण समजतात. नियमात असे काही नाही. ज्या दिवसाचा रजेचा पगार घेतला त्या दिवसाचा हितलाभ मिळत नाही, एवढेच बंधन आहे. उलट उशिरा जाण्यात तोटा आहे. दाखला तपासणीच्या दिवसापासून धरला जातो आणि मागच्या तारखेचा सहसा मिळत नाही. पहिला दाखला, मग साधारण दर आठवड्याचा मधला, आजार लांबला तर चार आठवड्यांपर्यंतचा विशेष मधला आणि शेवटी कामावर रुजू होण्याचा दाखला, अशी ही साखळी असते. मधली एक कडी चुकली, तर तेवढ्या दिवसांचे पैसे अडतात. खासगी डॉक्टरची चिठ्ठी पर्यायी पुरावा म्हणून स्वीकारता येते, पण तो अधिकार महामंडळाचा आहे. रक्कम बँक खात्यात जमा होते. हा हितलाभ चालू असताना मालकाला कामगाराला कामावरून काढता येत नाही.

९१ दिवस संपल्यावर वाटा फुटतात. क्षयरोग, कुष्ठरोग, कर्करोग, पक्षाघात यांसह ३४ दीर्घ आजारांच्या यादीत रोगाचे नाव असेल, तर विस्तारित आजारपण हितलाभ मिळतो: ८० टक्के, कमाल दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि आधीच्या चार अंशदान काळांत मिळून १५६ दिवसांचे अंशदान लागते. आजार यादीबाहेरचा असेल, तर रोख मदत तिथेच थांबते. माणूस किती दिवस अंथरुणाला खिळला यापेक्षा रोगाचे नाव काय याला इथे जास्त किंमत आहे, आणि ही या योजनेतली सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणावी लागेल.

पुढचा आधार संजय गांधी निराधार योजनेचा. ती १९८० पासून चालते आणि अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात होतो. कर्करोग, क्षय, एड्स, कुष्ठरोग अशा आजारांनी कमाई थांबलेल्या ६५ वर्षांखालील व्यक्तीला महिना १,५०० रुपये मिळतात. दिव्यांगांसाठी ही रक्कम २०२५ मध्ये २,५०० झाली. अट अशी, की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे, दिव्यांगांसाठी ५०,०००. म्हणजे विम्याची महिन्याची वेतनमर्यादा आणि निराधार योजनेची वर्षाची उत्पन्नमर्यादा हा एकच आकडा आहे. कालपरवापर्यंत महिना पंधरा हजार कमावणाऱ्याचा उत्पन्नाचा दाखला त्यात कसा बसावा? मागील वर्षाची कमाई त्याच्या आड येते.

विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या आजाराला दिव्यांगत्वात धरले असल्याने ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र असलेल्या रुग्णाला वरच्या, सैल उत्पन्नमर्यादेतून अर्ज करता येतो. भविष्य निर्वाह निधीतून आजारपणासाठी उचल मिळते. काम करण्याची क्षमता कायमची आणि पूर्णपणे गेली असेल, तर कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून अपंगत्व निवृत्तिवेतनही मिळते; त्याला एक महिन्याचे अंशदान पुरते. नोंदणी झालेल्या बांधकाम कामगाराला गंभीर आजाराच्या उपचारांसाठी मंडळाकडून एक लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, पण नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. सकाळी ठिय्यावर, म्हणजे मजुरांच्या नाक्यावर, उभे राहून रोज नव्या मालकाकडे जाणाऱ्याला ते कोण देणार, हा प्रश्न आजारपणाच्या बराच आधी सुरू होतो.