वक्तृत्वशास्त्र, प्राचीन ग्रीक

श्रोत्यांसमोर बोलून त्यांचे मत वळवण्याच्या कलेचा ग्रीकांनी केलेला पद्धतशीर अभ्यास. ग्रीक नाव ‘रेटोरिके’. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्यास सिसिली बेटावर त्याची सुरुवात झाली, अथेन्समध्ये ते वाढले आणि चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने त्याला शास्त्राची शिस्त दिली. वक्तृत्व म्हटले की आज फुलोरा आणि टाळ्यांची वाक्ये आठवतात. ग्रीकांच्या मांडणीत भाषेची सजावट बरीच उशिरा येते. मूळ प्रश्न वेगळा आहे: गणितातल्यासारखा पक्का पुरावा मिळण्याजोगा नाही, आणि निर्णय तर आज मावळतीच्या आत द्यायचा आहे, अशा वेळी ऐकणाऱ्याला कशाने पटते?

उगम

इ.स.पू. ४६६ च्या सुमारास सिसिलीतल्या सिराक्यूज शहरातील हुकूमशाही कोसळली. हुकूमशहांनी बळकावलेल्या जमिनी परत मागणाऱ्यांचे दावे उभे राहिले आणि कागदपत्रांशिवाय आपली बाजू मांडायला लोकांना शिकवणारे कोरॅक्स आणि टिसियस हे पहिले गुरू पुढे आले, अशी परंपरा आहे. त्यांच्या नावावर सांगितला जातो तो संभवाचा युक्तिवाद. मारहाणीचा आरोप एखाद्या किरकोळ माणसावर असेल, तर त्याने म्हणावे, ‘माझ्यासारखा अशक्त माणूस याला मारेल, हे संभवते का?’ आरोपी धिप्पाड असेल, तर त्याने म्हणावे, ‘संशय माझ्यावरच येणार हे मला ठाऊक होते, मग मी असे करणे संभवते का?’ दुसऱ्या उत्तरातली लबाडी ॲरिस्टॉटलने नेमकी पकडली आहे. विशिष्ट परिस्थितीत संभवणारी गोष्ट तिथे सर्वसाधारणपणे संभवणारी म्हणून खपवली जाते. तरीही ही युक्ती अथेन्समध्ये चालली. अथेन्सचा भाषणलेखक अँटिफॉन याच्या ‘चौकड्या’ म्हणजे आरोप, बचाव, पुन्हा आरोप, पुन्हा बचाव अशी चार-चार नमुना भाषणे. त्यांतल्या पहिल्या चौकडीत हाच संभव दोन्ही बाजूंनी उलटसुलट वापरलेला दिसतो.

सिसिलीतल्या लिओन्टिनीचा गॉर्जियस इ.स.पू. ४२७ मध्ये आपल्या शहराचा दूत म्हणून अथेन्सला आला आणि तिथल्या लोकांना त्याने बोलण्याने भारून टाकले. समतोल वाक्यखंड, विरोधी जोड्या आणि सारखे शेवट ही त्याची शैली. ‘हेलेनची स्तुती’ या भाषणात त्याने वाणीला अत्यंत लहान देहाचा बलाढ्य सत्ताधीश म्हटले आहे. त्याची शैली ऐकायला गोड, पण खटल्यात जपून वापरावी अशी. वाक्ये फार घासूनपुसून आली की पंचांना कारस्थानाचा वास येतो, हे पुढच्या पिढीने ओळखले.

बोलण्याची जागा आणि वेळ

या शास्त्राचा आकार अथेन्सच्या न्यायव्यवस्थेने घडवला. ती बाजूला ठेवली तर अर्धे नियम अनाकलनीय वाटतात. तिथे व्यावसायिक वकील नव्हते, सरकारी फिर्यादी नव्हता, कायदा शिकलेला न्यायाधीशही नव्हता. तिशी ओलांडलेल्या नागरिकांतून दरवर्षी ६,००० पंच चिठ्ठ्या टाकून निवडत. खाजगी दाव्याला २०१ किंवा ४०१ पंच, सार्वजनिक खटल्याला साधारण ५०१ किंवा अधिक. रोजचा भत्ता तीन ओबोल, म्हणजे अर्धा द्राक्मा. पंच आपसांत चर्चा करत नसत. भाषणे संपली की गुप्त मतदान. अपील नाही.

वेळ पाण्यावर मोजत. मातीच्या भांड्याच्या बुडाशी बारीक नळी असे; पाणी संपले की भाषण संपले. अथेन्सच्या अगोरात सापडलेले भांडे दोन खूस, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे आहे आणि ते सहा मिनिटांत रिकामे होते. ५,००० द्राक्मांवरच्या दाव्यात पहिल्या भाषणाला दहा खूस आणि दुसऱ्याला तीन मिळत, म्हणजे साधारण अर्धा तास आणि नऊ-दहा मिनिटे. कायदे आणि साक्षी कारकून वाचून दाखवी तेव्हा नळी बंद ठेवत. पुरावा हाती असेल तर प्रतिपक्षाने तो ‘माझ्या पाण्यात’ मांडावा, असे आव्हान अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस देतो, ते यामुळेच.

वादी-प्रतिवादींनी स्वतः बोलायचे असल्याने भाषण लिहून देणाऱ्यांचा धंदा वाढला. त्यांतला लिसियस हा परदेशी रहिवासी. ज्या नगरीला त्याने इतकी भाषणे पुरवली, तिच्या नागरिकसभेत बोलण्याचा हक्क त्याला नव्हता. पत्नीच्या प्रियकराला ठार मारणाऱ्या युफिलेटससाठी त्याने लिहिलेले भाषण अभ्यासाला उत्तम. घरात रंगेहाथ पकडलेल्याला मारणे कायद्याने चालत होते. फिर्यादीचे म्हणणे असे की त्याला सापळा रचून आत आणले. लिसियस याला थेट नकार देत बसत नाही. तो युफिलेटसला साध्या, विश्वासू गृहस्थासारखे बोलायला लावतो: घर दुमजली, बाळाला न्हाऊ घालताना बायकोला जिना उतरावा लागू नये म्हणून बायका खाली आणि मी वर. मग खरा मुद्दा येतो. त्या संध्याकाळी माझ्याकडे जेवलेल्या मित्राला मी घरी जाऊ दिले, नंतर माणसे गोळा करायला गेलो तर काही घरी सापडलीच नाहीत. कट असता तर मी असे केले असते का? संभवाचा जुना युक्तिवादच, पण बारीक तपशिलात इतका मुरवलेला की तो युक्तिवाद वाटत नाही.

अशा तयार भाषणांचे धोके गॉर्जियसचा शिष्य अल्किडामस याने सांगितले आहेत. शब्दन् शब्द पाठ केलेला माणूस एक शब्द विसरला की अडतो, आणि प्रतिपक्षाच्या बोलण्यातून आयता मिळालेला मुद्दा त्याला उचलता येत नाही. अर्धे पाठ आणि अर्धे ऐनवेळचे बोलले, तर जोड उघडी पडते. त्याचा सल्ला: मुद्दे आणि त्यांचा क्रम आधी बसवा, शब्द जागेवर येऊ द्या.

नागरिकसभेचे गणित निराळे. निक्स टेकडीवर ‘कोणाला बोलायचे आहे?’ असे पुकारले की कोणीही नागरिक उठू शके; स्त्रिया, गुलाम आणि परदेशी रहिवासी अर्थात वगळून. इ.स.पू. ४२७ मध्येच मिटिलीनी या शहराने अथेन्सविरुद्ध केलेल्या बंडानंतर तिथल्या सर्व प्रौढ पुरुषांना मारण्याचा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी फेरविचाराला आला. इतिहासकार थ्युसिडिडीझच्या वृत्तांतात क्लिऑन अपराध आणि शिक्षेची भाषा बोलतो. त्याला विरोध करणारा डायोडोटस दयेचा आधार घेत नाही: आपण खटला चालवत नाही, आपल्या हिताचे काय ते ठरवतो आहोत. थोड्या मतांनी तो जिंकला. कुठल्या सभेत कशाच्या नावाने बोलावे, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

प्लेटो आणि आयसॉक्रेटिस

‘गॉर्जियस’ या संवादात प्लेटो वक्तृत्वाला कला मानायलाच तयार नाही. ती सवयीने आलेली हातोटी, खुशामतीचा एक प्रकार. ‘फीड्रस’मध्ये त्याची भूमिका मवाळ होते: वक्त्याला विषयाचे सत्य ठाऊक हवे, माणसांच्या मनांचे प्रकार माहीत हवेत, आणि भाषणाला सजीव प्राण्यासारखे डोके, धड, पाय हवेत. आयसॉक्रेटिसने (इ.स.पू. ४३६–३३८) यावर वाद घालण्यापेक्षा शाळा चालवली. आवाज क्षीण असल्याने तो स्वतः सभेत बोलत नसे. शुल्क १,००० द्राक्मा सांगितले जाते. पाचव्या शतकाच्या अखेरीस बांधकामावरच्या कारागिराला दिवसाला एक द्राक्मा मिळे, त्यावरून विद्यार्थी कोणत्या घरांतले होते ते कळते. अंगची कुवत पहिली, सराव दुसरा आणि शिकवणी शेवटी, असा त्याचा क्रम होता, आणि शिक्षक असूनही तो त्याने लपवला नाही.

ॲरिस्टॉटलची मांडणी

‘वक्तृत्वशास्त्र’ या तीन भागांच्या ग्रंथात ॲरिस्टॉटल (इ.स.पू. ३८४–३२२) व्याख्या करतो: कोणत्याही प्रसंगी पटवण्याचे जे जे मार्ग उपलब्ध असतील ते पाहण्याची शक्ती. पटेलच याची हमी तो देत नाही, जसा वैद्य बरे करण्याची देत नाही. आधीचे लेखक न्यायाधीशाचा राग आणि कणव चाळवण्याविषयीच लिहीत बसले, अशी त्याची तक्रार आहे; जी पट्टी वापरायची तीच आधी वाकवण्यासारखे ते आहे.

कायदे, साक्षीदार, करार, छळ करून मिळवलेले जबाब आणि शपथा हे पाच पुरावे वक्त्याला आयते मिळतात. शास्त्राने घडवायचे पुरावे तीन: वक्त्याचे शील (इथॉस), श्रोत्यांची मनःस्थिती (पॅथॉस) आणि युक्तिवाद (लोगॉस). हे त्रिकूट आज व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणातही भेटते, पण बहुधा चुकीच्या अर्थाने. इथॉस म्हणजे वक्त्याची आधीची कीर्ती नव्हे. समंजसपणा, सचोटी आणि श्रोत्यांविषयीची सदिच्छा भाषणातूनच दिसली पाहिजे, असे ग्रंथात स्पष्ट आहे. भावनेबाबतही नुसता आवेश कामाचा नाही. राग आणायचा तर तीन गोष्टी कळायला हव्यात: रागावणाऱ्याचे मन कसे असते, तो कोणावर रागावतो, कशासाठी रागावतो. एक जरी सुटली तरी राग येत नाही.

ग्रंथाचा गाभा म्हणजे ‘एन्थुमेमा’, श्रोत्यांच्या मनात आधीच असलेल्या समजुतीवर उभा केलेला अनुमानाचा प्रकार. डोरिअसला विजयाचा मुकुट मिळाला हे सांगायचे, तर तो ऑलिंपियात जिंकला एवढे म्हणणे पुरे. तिथे बक्षीस मुकुटाचे असते, ही पायरी श्रोता स्वतः भरतो, आणि स्वतः भरल्यामुळे निष्कर्षही त्याला आपलाच वाटतो. एन्थुमेमा फसतो तो दोन कारणांनी. साखळी फार लांब झाली तर श्रोता मागे राहतो. उघड गोष्टी उच्चारल्या तर नुसती बडबड होते. अशिक्षित माणसे गर्दीसमोर सुशिक्षितांहून प्रभावी ठरतात, याचे कारण तो इथेच शोधतो: ती आपल्या माहितीतून आणि श्रोत्याच्या जवळच्या गोष्टींतून बोलतात. दाखल्यांचा नियम तर थेट हातात घेण्यासारखा. दाखले आधी द्यायचे तर पुष्कळ लागतात; युक्तिवादानंतर दिले तर ते साक्षीदाराचे काम करतात आणि एकही पुरतो.

भाषणांचे प्रकार तीन: सल्ल्याचे, न्यायसभेतले आणि समारंभातले. पहिल्याचा काळ भविष्य आणि कसोटी हित, दुसऱ्याचा भूतकाळ आणि न्याय, तिसऱ्याचा मुख्यतः वर्तमान आणि कसोटी गौरव.

भाषणाचे आवश्यक भाग त्याच्या मते दोनच, मुद्दा सांगणे आणि सिद्ध करणे. फार तर प्रास्ताविक आणि समारोप धरून चार. ‘ऐका’ हे आवाहन प्रास्ताविकात करण्यात काय अर्थ, असा त्याचा खोचक प्रश्न आहे, कारण तेव्हा सगळेच ऐकत असतात. लक्ष ढळते ते पुढे. श्रोते पेंगू लागले की आपल्या पन्नास द्राक्मांच्या व्याख्यानातले थोडे मध्ये सोडायचे, ही प्रॉडिकस या शुल्क घेऊन शिकवणाऱ्या शिक्षकाची युक्ती त्याने इथे नोंदवली आहे. भाषेबद्दल दोन अटी, स्पष्टपणा आणि औचित्य. गद्याला लय असावी, छंद नसावा. छंद कानावर आला की श्रोता पुढच्या आवर्तनाची वाट पाहतो आणि आशय निसटतो. लांबलचक समास, अनोळखी शब्द, अस्थानी विशेषणे आणि ओढूनताणून आणलेली रूपके यांनी भाषा थिजते. सादरीकरणाबाबत आवाजाचा जोर, पट्टी आणि लय यापलीकडे तो फारसे सांगत नाही, आणि ते थोडेही नाखुशीनेच. वक्तृत्वात सर्वांत महत्त्वाचे काय, याला ‘सादरीकरण’ हेच उत्तर तीनदा दिल्याची आख्यायिका डेमॉस्थेनिसच्या नावावर आहे.

डेमॉस्थेनिसचे खरे कसब ‘मुकुटाविषयी’ या इ.स.पू. ३३० च्या भाषणात दिसते. त्याला सन्मानाचा मुकुट देण्याच्या ठरावावर त्याचा राजकीय विरोधक इस्किनिस याने खटला भरला होता. पदाचा हिशेब द्यायचा बाकी असलेल्या अधिकाऱ्याला मुकुट देणे बेकायदा, हा इस्किनिसचा भक्कम मुद्दा होता, आणि उत्तरही त्याच क्रमाने मागा, असे त्याने पंचांना विनवले होते. डेमॉस्थेनिसने क्रमच बदलला. मॅसिडोनविरुद्धचे आपले धोरण दोन्ही बाजूंना पसरले आणि कायद्याचे कमकुवत उत्तर मध्ये दडवले. इस्किनिसला एक पंचमांश मतेही मिळाली नाहीत. त्यापायी १,००० द्राक्मा दंड होता. त्याने अथेन्सच सोडले.

नंतरची भर

दुसऱ्या शतकात (इ.स.पू.) टेम्नोसच्या हर्मागोरसने वादाचा अडलेला बिंदू शोधण्याची रीत बसवली. प्रश्न चार, याच क्रमाने: कृत्य घडले का, त्याला काय म्हणायचे, ते समर्थनीय होते का, आणि हा वाद या न्यायासनापुढे चालतो का. खाजगी घरात ठेवलेली देवळाची वस्तू कोणी चोरली, तर ती साधी चोरी की देवळाची लूट? इथे पहिला प्रश्न मान्य असतो आणि वाद दुसऱ्यावर अडतो. बिंदू चुकला की वक्ता मान्य असलेलीच गोष्ट सिद्ध करत पाणी संपवतो. शाळांत यासोबत क्रमाने चढत जाणारे लेखन-सराव आले, इ.स. चौथ्या शतकातील अफ्थोनियसच्या पुस्तकात ते १४ आहेत, पहिला प्राणिकथेचा आणि शेवटचा एखादा कायदा करावा की नाही यावरचा. रोमन लेखकांनी हा सगळा ऐवज लॅटिनमध्ये नेला. अरबी परंपरेत ॲरिस्टॉटलचा हा ग्रंथ तर्कशास्त्राच्या ग्रंथांसोबत वाचला गेला आणि तत्त्वज्ञ इब्न रुश्दने त्यावर भाष्य लिहिले.