स्वमग्नता आणि शासकीय आधार (भारत)

स्वमग्न किंवा ऑटिस्टिक व्यक्तींना शिक्षण, उपचार, रोजगार व नागरी व्यवहारांत सामावून घेण्यासाठी शासनाने केलेले कायदे, योजना आणि सेवा. भारतात 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. राष्ट्रीय न्यास ही केंद्र शासनाची संस्था स्थापन करणाऱ्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने (1999) तिला प्रथम कायद्यात जागा दिली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्यातील 21 प्रकारांत तिचा समावेश आहे.

प्रमाणपत्र. बहुतेक सवलतींची वाट दिव्यांगत्वाच्या दाखल्यातून जाते. केंद्र शासनाच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरल्यावर शासकीय रुग्णालयात तपासणी होते. स्वमग्नता मोजण्यासाठी तयार केलेल्या भारतीय मापनीत 40 बाबी असून प्रत्येकीला 1 ते 5 गुण असतात, म्हणजे एकूण 40 ते 200. परस्परसंबंध, भावनिक प्रतिसाद, भाषा, वर्तन, संवेदना आणि आकलन अशी तिची सहा अंगे आहेत. 70 च्या खाली गुण आल्यास स्वमग्नता नाही असे धरतात. मूळ कोष्टकात 70 गुणांना 40 टक्के, तर 158 च्या पुढे 100 टक्के दिव्यांगत्व मिळते.

अडचण इथेच सुरू होते. मापनी निरीक्षणावर आणि पालकांनी दिलेल्या माहितीवर चालते. अस्खलित बोलणारी, इतरांचे पाहून वागणे जुळवून घ्यायला शिकलेली प्रौढ व्यक्ती, त्यातही स्त्री, कमी गुणांत अडकते. मग तिला दिवसभराच्या नोकरीनंतर घरी बोलताही येत नसले, तरी कागदावर काहीच उरत नाही. शिवाय टक्केवारीवरून लक्षणांची तीव्रता कळते, मदत किती लागेल हे कळत नाही. 2016 च्या कायद्याच्या कलम 38 मध्ये अधिक आधाराची गरज स्वतंत्रपणे तपासण्याची तरतूद आहे. दाखल्याबरोबरच ही तपासणी झाली, तर शाळेत मदतनीस हवा की घरी, आठवड्यात किती तास, हे तिथेच ठरवता येईल.

तपासणीच्या जागेचाही विचार करावा लागतो. भोंग्यावर पुकारले जाणारे क्रमांक, फडफडणारी ट्यूबलाइट, दोन-तीन तासांची रांग आणि शेवटी बायोमेट्रिकसाठी बोट धरून ठेवणे, एवढ्यात मूल कोलमडते आणि ‘सहकार्य केले नाही’ असा शेरा पडतो. उपाय फारसे खर्चिक नाहीत: वेळ ठरवून बोलावणे, बाहेर थांबू देऊन फोनवर हाक देणे, पुढे काय होणार त्याचे चित्रपत्रक आधी पाठवणे, हेडफोन काढायला न लावणे. नजरेला नजर देण्याचा आग्रहही नको. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधला की कार्यालय ‘सुगम’ झाले, हा समज सार्वजनिक बांधकामात खोल रुजलेला आहे.

शाळा. कायद्याने 6 ते 18 वयाच्या, 40 टक्क्यांहून कमी नसलेले दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. विशेष शिक्षकांचे मान्य प्रमाण प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक, त्यापुढे पंधरामागे एक असे आहे. पण एकाच फिरत्या शिक्षकावर अनेक शाळा सोपवल्या की ते कागदावरच राहते. लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीला तासाला किमान 20 मिनिटे जादा मिळतात. मात्र गोंगाटाच्या वर्गात बसवले, तर जादा वेळ म्हणजे जादा त्रास. वेगळी खोली आधीच लेखी मागून ठेवावी.

उपचार व कर. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि थेरपीचा खर्चही धरला जातो. 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 80डीडी खाली पालकांना 75,000 रुपयांची, दिव्यांगत्व 80 टक्के किंवा अधिक असल्यास 1,25,000 रुपयांची वजावट मिळत आली आहे. कर भरण्याइतके उत्पन्नच नसलेल्या घराला तिचा उपयोग शून्य.

रोजगार. सरकारी नोकरीतील 4 टक्के आरक्षणापैकी 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांना मिळून आहे. जागा राखीव असली तरी मुलाखतीची पद्धत आड येते. आधी दिलेले लेखी प्रश्न किंवा प्रत्यक्ष कामाचा नमुना ही जास्त खरी परीक्षा.

अठरा वर्षांनंतर. बँका पालकांकडे कायदेशीर पालकत्वाचा आदेश मागतात. राष्ट्रीय न्यास कायद्यात तो जिल्हास्तरीय समिती देते. 2016 च्या कायद्याचे कलम 14 मात्र मर्यादित पालकत्व सांगते: ठराविक निर्णयापुरते, ठराविक काळापुरते आणि त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून. दोन्ही कायदे एकाच वेळी लागू असल्याने सवयीने पहिलाच वापरला जातो आणि पैसे, घर, उपचार असे सगळेच निर्णय एकदम पालकांकडे जातात. फक्त खात्याचा प्रश्न असेल, तर अर्जात तेवढाच निर्णय लिहावा. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. ही तिसरी व्यक्ती 1995 च्या कायद्याच्या व्याख्येतील असावी, असे मूळ कलम सांगते. त्या व्याख्येत स्वमग्नता नव्हतीच.