न्यू जर्सीत गाडीचा विमा: फॉर्मवर खूण करण्याआधी

न्यू जर्सीत नोंदवलेल्या गाडीचा विमा अखंड चालू असावा लागतो. गाडी महिनाभर ड्राइव्हवेत उभी असली तरीही. विम्याशिवाय पहिल्यांदा सापडल्यास ३०० ते १,००० डॉलर दंड, समाजसेवा आणि लायसन्स वर्षभरापर्यंत निलंबित, अशी शिक्षा होऊ शकते; वर तीन वर्षं दरसाल २५० डॉलर सरचार्ज. दुसऱ्या राज्यातून इथे राहायला आलात, तर ६० दिवसांत लायसन्स आणि गाडीची नोंदणी इथली करून घ्यायची. नोंदणी न्यू जर्सीची आणि पॉलिसी अजून टेक्सासची, हे चालत नाही.

३५/७०/२५ म्हणजे काय

१ जानेवारी २०२६ पासून दिल्या जाणाऱ्या किंवा नूतनीकरण होणाऱ्या स्टँडर्ड पॉलिसीला ही किमान लायबिलिटी (तुमच्या चुकीने दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा भाग) लागते; आकडे हजार डॉलरमध्ये. (२०२३ पासून ती २५/५०/२५ होती, त्याआधी १५/३०/५.) तुमच्या चुकीने अपघात झाला, तर एका जखमी व्यक्तीला जास्तीत जास्त ३५,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींना मिळून ७०,००० आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी २५,०००.

भारतात गाडी चालवलेल्यांची इथेच गफलत होते. तिथल्या थर्ड पार्टी विम्यात माणसाला झालेल्या इजेसाठी न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई कंपनी भरते, त्याला कमाल मर्यादा नसते. इथे कंपनी तुम्ही विकत घेतलेल्या आकड्यापर्यंतच भरते, पुढचं तुमच्याकडून वसूल होऊ शकतं. समजा, रूट १ वर सिग्नलला पुढच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीला तुम्ही मागून धडकलात, ती तिच्या पुढच्या गाडीवर गेली आणि दोन्हींची दुरुस्ती ४२,००० डॉलरची निघाली. कंपनी २५,००० देईल. १७,००० तुमचे. कोणाच्या मानेला किंवा पाठीला इजा झाली असेल, तर तो हिशोब वेगळाच.

म्हणून घर, बचत किंवा बरा पगार असलेल्यांना आम्ही विमा एजंट किमान पॉलिसी सुचवत नाही. १००/३००/१०० पासून बोलणं सुरू करतो. लायबिलिटी तिप्पट केली म्हणून प्रीमियम तिप्पट होत नाही. पहिल्या डॉलरांचा धोका महाग असतो, वरचे थर त्या मानाने स्वस्त पडतात. पुढे कधी अम्ब्रेला पॉलिसी (गाडीच्या लायबिलिटीच्या वरची जादा लायबिलिटी) घ्यायची असेल, तर बहुतेक कंपन्या गाडीच्या पॉलिसीत इजेसाठी २५०/५०० मागतात.

‘बेसिक’ नावाची स्वस्त पॉलिसीही राज्याला चालते. तिच्यात दुसऱ्याच्या शारीरिक इजेची लायबिलिटी मुळात नसतेच, वेगळी मागितली तर फक्त १०,००० डॉलरची मिळते. कुटुंब असलेल्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये.

कव्हरेज सिलेक्शन फॉर्म

सही करण्याआधी हा फॉर्म समोर येतो. लोक शेवटचा आकडा बघून सही करतात आणि दोन कोटांतला, म्हणजे कंपन्यांनी सांगितलेल्या दरांतला, फरक नेमका इथल्या खुणांमध्ये लपलेला असतो.

पहिली खूण पीआयपीची, म्हणजे पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन. चूक कोणाचीही असो, तुमच्या आणि घरच्यांच्या अपघातातल्या उपचारांचा खर्च तुमचीच पॉलिसी देते. तुम्ही काहीच निवडलं नाही तर मर्यादा २,५०,००० डॉलरची असते. प्रीमियम उतरवण्यासाठी ती १५,००० पर्यंत खाली आणता येते. इमर्जन्सी रूम, सीटी स्कॅन आणि हॉस्पिटलातली एक रात्र यांतच १५,००० संपू शकतात. भारतातून आलेले आई-बाबा तुमच्या गाडीत बसलेले असताना अपघात झाला आणि त्यांची इथे स्वतःची पॉलिसी नसेल, तर सहसा तुमच्या गाडीचीच पीआयपी कामी येते. मर्यादा ठरवताना तेही डोक्यात असू द्या.

दुसरी खूण: आधी हेल्थ इन्शुरन्स की आधी पीआयपी? हेल्थ इन्शुरन्स आधी ठेवलं तर प्रीमियम कमी होतो. पण मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांना आधी ठेवता येत नाही, आणि नोकरीतल्या काही प्लॅनमध्ये गाडीच्या अपघाताचा खर्च वगळलेला असतो, विशेषतः कंपनी स्वतःच्या पैशाने चालवते त्या प्लॅनमध्ये. एचआरकडून लेखी उत्तर घ्या, तोंडी नको. नोकरी गेली आणि हेल्थ इन्शुरन्सही गेलं, तर पीआयपीच पैसे देते, पण नेहमीच्या डिडक्टिबलवर (आधी स्वतःच्या खिशातून भरायच्या रकमेवर) आणखी ७५० डॉलर तुम्हाला भरावे लागतात. नोकरी बदलली की आम्हाला कळवा, असं आम्ही सारखं म्हणतो ते यासाठी.

तिसरी खूण दाव्याच्या हक्काची. ‘मर्यादित’ निवडलंत तर दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या वेदना आणि त्रासासाठी कोर्टात जाता येतं ते ठरावीक प्रकारांतच: मृत्यू, अवयव गमावणं, ठळक विद्रूपता किंवा व्रण, जागचं सरकलेलं फ्रॅक्चर, गर्भहानी आणि कायमची इजा. महिनोन्महिने दुखणारी पण बरी होणारी पाठ यात बसत नाही. ‘अमर्यादित’ बरंच महाग पडतं. खूण केलीच नाही तर ‘मर्यादित’ लागू होतं, आणि ते घरात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकांनाही बांधून ठेवतं.

कोलिजन (धडकेचं) आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (इतर कारणांचं) ही तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची दोन कव्हरेज राज्य मागत नाही. गाडी कर्जावर किंवा लीजवर असेल तर बँक मागते. हरीण गाडीवर आदळलं तर क्लेम कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये जातो. हरणाला चुकवताना झाडावर गेलात, तर कोलिजनमध्ये. खड्ड्याने रिम वाकली, तीही कोलिजन. चोरी आणि पुराचं पाणी कॉम्प्रिहेन्सिव्ह.

प्रीमियम कशाने हलतो

पत्ता, गाडीचं मॉडेल, वर्षाचे मैल, वय, अपघात आणि तिकिटं, हे सगळ्यांना माहीत असतं. दोन गोष्टी नव्याने आलेल्यांना धक्का देतात. एक, भारतातला पंधरा वर्षांचा अनुभव बऱ्याच कंपन्या धरत नाहीत. चाळिशीतला माणूस नवशिक्या ठरतो. काही कंपन्या थोडाफार धरतात, म्हणून भारतातलं लायसन्स फेकू नका. दोन, क्रेडिटचा इतिहास, म्हणजे कर्ज आणि कार्डाची बिलं फेडल्याची नोंद. न्यू जर्सीत कंपन्यांना तो वापरता येतो (कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्समध्ये येत नाही). इतिहासच नसेल तर सुरुवातीचा दर चढा लागू शकतो. वर्षभराने पुन्हा कोट मागा, आपोआप कोणी कमी करून देत नाही.

वेगाचं तिकीट मर्यादेपेक्षा १ ते १४ मैल जास्त असेल तर २ पॉइंट, १५ ते २९ ला ४, त्यापुढे ५; हे पॉइंट लायसन्सच्या नोंदीवर चढतात. मान्यताप्राप्त डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग कोर्सने २ पॉइंट कमी होतात आणि तीन वर्षं प्रीमियममध्ये सवलत मिळते; ती देणं कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे. एका वीकेंडचं काम, तरी बहुतेक जण करत नाहीत.

घरातलं मूल १७ व्या वर्षी प्रोबेशनरी (काही बंधनं असलेल्या) लायसन्सवर आलं की ते पॉलिसीत दाखवावंच लागतं. लपवलं तर क्लेमच्या वेळी अडचण येते. बी सरासरीची गुणपत्रिका द्या. मूल १०० मैलांपलीकडच्या कॉलेजात गाडीविना राहत असेल तर तेही सांगा. दोन्हींना बहुतेक ठिकाणी सवलत आहे.

संध्याकाळी जेवणाची डिलिव्हरी करत असाल तर आधी कळवा. साध्या वैयक्तिक पॉलिसीत पैसे घेऊन माल पोचवणं सहसा वगळलेलं असतं.

दोन-तीन महिने भारतात जाताना पॉलिसी रद्द करू नका. प्लेट परत न करता विमा बंद केला तर नोंदणी अडचणीत येते, आणि परतल्यावर मधला खंड दर वाढवतो. कंपनी बदलतानाही नवी पॉलिसी सुरू झाल्याशिवाय जुनी सोडू नका, एका दिवसाचाही खंड नको.

कोटसाठी येताना चालू पॉलिसीचं डिक्लरेशन पेज (मर्यादा आणि प्रीमियम लिहिलेलं पहिलं पान), घरातल्या प्रत्येक चालकाचा लायसन्स नंबर, गाडीचा १७ अक्षरी व्हिन (ओळख क्रमांक) आणि ओडोमीटरचा आकडा आणा. दुसरीकडचा स्वस्त कोट हातात असेल तर तोही आणा. आधी त्यातल्या मर्यादा आणि खुणा आमच्या कोटाशी जुळवून बघू, पैशांचं मग बोलू.